भाड्याचं गिऱ्हाईक

सोमवार, ९ फेब्रुवारी

सगळं बदललं ते आज दुपारी, एका माणसाचा बूट मी काउंटरवर आपटला त्या क्षणी.

बूट त्याचाच. आठवड्यात तळ उखडला म्हणून परत करायला आला होता. तळाला डांबर लागलेलं. मी म्हटलं, "काका, हे लाकडी कोर्टावरचे बूट. तुम्ही रस्त्यावर पळालात." तो म्हणतो, "मी यांना रस्ता दाखवलासुद्धा नाही." मी म्हटलं, "मग डांबर काय उडत आलं?" मग तो ओरडला, मग मी त्याच्या वरताण ओरडलो, आणि मग बूट आपटला. मामा आत रॅकेटला तार भरत होता, ती अर्धवट टाकून धावत आला आणि त्या माणसाला हात जोडून दुसरा जोड देऊन मोकळा झाला.

"गिऱ्हाइकावर खेकसायला ठेवलाय का रे मी तुला?" मामा.

"खोटं बोलत होता तो."

"गिऱ्हाईक आहे तो. खोटं बोलायचा हक्क आहे त्याला."

कोपऱ्यात एक बाई उड्या मारायच्या दोऱ्या बघत उभ्या होत्या. बारीक चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. पुढे येऊन त्यांनी मामाला विचारलं, "हा रोज असा चिडतो?"

"नाही हो," मामा म्हणाला. "दिवसाआड."

"छान. मला असाच माणूस हवाय."

तर या मॅडम समोरच्या विद्यापीठात खेळाच्या विभागात नव्या आल्यात. शेवटच्या वर्षाच्या मुलांना नोकरीसाठी तयार करायचं, हे त्यांचं काम. मुलाखत कशी द्यायची, लोकांशी कसं बोलायचं वगैरे. त्यासाठी त्यांना समोर खुर्चीत बसून चिडणारा माणूस पाहिजे. कधी जिमचा भडकलेला सभासद, कधी शाळेचा खडूस मुख्याध्यापक. "मी चिडून दाखवलं तर मुलं हसतात," म्हणाल्या.

मी सरळ सांगितलं, मी त्याच विभागातून दुसऱ्या वर्षाला बाहेर पडलोय. त्या इमारतीचं तोंड मला बघायचं नाही. त्यांनी काही आग्रह केला नाही. दोरी निवडता निवडता म्हणाल्या, "थोडीच मुलं आहेत वर्गात. एक गोळाफेकवाला, एक पोहणारा, एक ती व्हॉलीबॉलची सेटर, जोरात शिट्टी मारते ती…"

मी विचारलं, "कधी यायचं?"

बुधवार, ११ फेब्रुवारी

वर्ग तळघरात आहे. जुन्या कुस्तीच्या चटया ठेवायची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, बाकी सगळे गुंडाळलेल्या चटयांवर. घामाचा तो जुना वास नाकात गेला आणि डोकं लगेच फिरलं. म्हणजे कामाला तयार झालो.

शिट्टी तिथेच होती. मला बघून म्हणाली, "अरे! तू?" आणि दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की मॅडमनी कानावर हात ठेवले. केस कापलेत तिने. छान दिसतात. आधीही छान दिसायचे. बस, एवढंच लिहितो त्याबद्दल.

पहिला नंबर पंजाचा. पंजा म्हणजे गोळाफेकवाला. हात एवढे मोठे की हस्तांदोलन केलं की समोरचा आपली बोटं मोजून घेतो. मी भडकलेला सभासद, तो जिमचा प्रशिक्षक. मी आत आलो आणि सुरू झालो. "काय चाललंय इथे? यंत्र बंद, पंखा बंद, आणि तू नुसता उभा!"

पंजा ताठ उभा राहिला. हात पाठीमागे, मान खाली. "चुकलं सर."

"चुकलं म्हणजे? दुरुस्त कोण करणार? तुझा बाप?"

"चुकलं सर."

मी आणखी चढलो. आणि आईशप्पथ, पंजाने खाली वाकून दोन्ही हात जमिनीवर टेकवले. जोर काढायला! शिक्षा म्हणून!

सगळे चटयांवरून लोळायला लागले. मीही हसलो. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बघितलंत? गेल्या महिन्यात तीन ठिकाणी मुलाखतींना पाठवलं मी यांना. तिन्ही ठिकाणी हेच. कोणी आवाज चढवला की यांना वाटतं आपला कोच आलाय. मान खाली घालतात आणि शिक्षेची वाट बघतात. समोरचा बिचारा विचारतोय, माझं यंत्र कधी सुरू होणार?"

हसू थांबलं माझं. तळपायाची आग मस्तकात गेली. खरंच आहे की! तीन वर्षं या लोकांनी काय शिकवलं? कोपर वर, गुडघे वाकव, तोंड बंद. ओरडलं की 'हो सर', शिवी दिली की 'चुकलं सर'. उलट विचारलं तर बाकावर. पदकं यायची तेव्हा विभागाच्या काचेच्या कपाटात जायची, आणि पोरं गेली कुठे हे कुणी विचारायचं नाही. आता शेवटच्या वर्षाला म्हणे रोजगाराची तयारी! तीन वर्षं जीभ बांधून ठेवायची आणि निघताना म्हणायचं, बोला आता.

मी सोडलं ते बरं केलं.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आज शिट्टीची पाळी होती. आज मी मुख्याध्यापक. मॅडमनी सांगितलं होतं की तिला क्रीडाशिक्षक म्हणून घ्यायला मी अजिबात तयार नाही असं धरायचं.

मी टेबलावर हात आपटायला उचलला. ती समोर बसली होती, गुडघे जुळवून, आणि भुवया अशा वर केलेल्या, चेंडू येण्याआधी करायची तशा. हात खाली आला तो आवाजच न करता.

"तुमच्याकडे अनुभव नाही," मी म्हटलं.

"नाही सर."

"बरं. मिळेल."

चटयांवर कोणीतरी फिदीफिदी हसलं. नंतर मॅडम मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "हिच्या वेळी आवाज का बसतो तुझा?"

"घसा," मी म्हटलं.

"गरम पाणी पी," म्हणाल्या. चष्म्यावरून बघत.

बुधवार, १८ फेब्रुवारी

टोपीबद्दल लिहितो. पोहणारा आहे. पाण्यातल्या औषधाने केस वाळल्या गवतासारखे झालेत म्हणून चोवीस तास टोपी घालून हिंडतो. उंच आहे. हसतो. सगळ्यांशी हसतो. मला हसणारी माणसं आवडत नाहीत.

आज येताना शिट्टीची बॅग त्याच्या खांद्यावर होती. बोटाला पट्टी होती तिच्या, सेट करताना मुरगळलं म्हणे. असेल. पण दुसरा हात होता की तिला.

त्याची पाळी आली तेव्हा मी बाहीच वर सारली. तरणतलावाचा सभासद झालो. पाणी घाण, वेळ चुकीची, कपाटाची किल्ली हरवली, माझा मुलगा बुडता बुडता वाचला, तुम्ही कुठे होता, मोबाइल बघत होता, टोपी काढा आधी, घरातल्या मोठ्यांशी असंच बोलता का, तुमच्यासारख्यांना पाण्यात नाही, टाकीत ठेवायला पाहिजे. टोपीची बोबडी वळली. कान लाल. "चुकलं सर" असं दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा डोळ्यात पाणी आलं, उठून नळावर गेला.

मला एकदम हलकं वाटलं. पोटभर जेवल्यासारखं.

संध्याकाळी दुकानात आला. म्हटलं आला भांडायला. तर म्हणतो, "उद्या मोकळा आहेस? परत करू या का? आजच्यासारखंच. जरा जास्तच धर."

काय मूर्ख माणूस आहे. स्वतःच्या पायांनी मार खायला येतो. मी म्हटलं, "ये की. रोज ये."

सोमवार, २३ फेब्रुवारी

टोपी रोज येतोय. दुकान उघडायच्या आधी, शटर अर्धं वर असताना. मी शटरच्या बाहेर उभा राहून त्याच्या सात पिढ्या काढतो, तो आत काउंटरमागे. मामा चहा पीत बसून मजा बघतो. "तिथे ओरडलास की मानधन मिळतं, इथे ओरडलास की पगार कापतो, लक्षात ठेव," म्हणतो. आज टोपीने मान खाली घातली नाही. म्हणाला, "साहेब, मुलाचं ऐकून मलाही धक्का बसला. आधी सांगा तो कसा आहे?" माझा मुलगा कसा आहे हे मलाच माहीत नव्हतं! मग जास्तच चिडलो.

आणि आज तळघरातून वर येताना सर भेटले. व्हॉलीबॉलचे. केस पिकलेत. मला बघून थांबले.

"खांदा कसा आहे?"

"मस्त."

"उजवा हात वर घे बघू."

मी म्हटलं, "मी आता तुमचा खेळाडू नाही." काय हक्क यांना? अंतिम सामन्याला सगळ्या गावासमोर यांनी मला बाकावर बसवलं. म्हणे खांदा. खांदा माझा, मला माहीत त्याला काय झालंय ते. त्या दिवशी चेंडू त्यांच्या अंगावर भिरकावून निघालो तो निघालोच. "तुझं नाव काढलेलं नाही मी विभागातून," म्हणाले. "पुढच्या वर्षी परीक्षेला बसता येईल." कुणाला उपकार दाखवतायत?

दुकानात येऊन चेंडूंची पेटी माळ्यावर टाकली. डाव्या हाताने. उजवा वर जात नाही, सकाळची थंडी असेल.

रविवार, १ मार्च

शिट्टी दुकानात आली होती. गुडघ्याचे पट्टे घ्यायला. मामा जेवायला गेला होता, देव भलं करो त्याचं. पट्टे बघता बघता काउंटरवर चढून बसली, पाय हलवत.

"ऐक, नदीपलीकडे ते नवं क्रीडासंकुल झालंय ना, त्यांनी मॅडमकडे माणूस मागितलाय. एकच जागा आहे. सभासदांचं सगळं बघायचं, तक्रारी, वेळापत्रक, मुलांचे वर्ग. शुक्रवारी मुलाखत. मी आणि टोपी, दोघं जाणार."

"तूच लागशील."

"लागायलाच पाहिजे. बाबांनी सांगितलंय, निकालाच्या आत नोकरी हातात नसेल तर काकांच्या औषधाच्या दुकानात बसायचं. खोकल्याची बाटली द्यायची आणि सुटे परत करायचे. जन्मभर." ती हसली, पण पाय हलायचे थांबले होते. "काका चांगले आहेत रे. पण मी त्या दुकानात मरेन. कोर्टाच्या जवळपास कुठेही ठेवा मला, झाडू मारीन, पण तिथे नको."

मला वाटलं उठावं आणि तिच्या बाबांना जाऊन काय ते सुनवावं. तसं म्हणालोही. ती म्हणाली, "तू कुणाला काही सुनवू नकोस. फक्त माझी तयारी नीट करून घे. संकुलवाले म्हणे मुलाखतीत मुद्दाम चिडून बघतात."

"करून घेतो."

"खरं?"

"खरं."

नदीपलीकडे म्हणजे सायकलने अर्धा तास. रोज संध्याकाळी जाता येईल. मी पट्ट्यांवर सूट दिली. मामाला कळलं तर मारेल.

बुधवार, ४ मार्च

शेवटची तयारी. मॅडमनी शिट्टीला दोनदा बसवलं. पहिल्या वेळी मी जरा आवाज चढवला. "तुमच्या केंद्रात कुणाचा कुणाला पत्ता नसतो!" एवढंच. तिचे हात लगेच पाठीमागे गेले आणि मान वाकली. सरांसमोर आम्ही सगळे असे उभे राहायचो. मी म्हटलं, "बरं बरं, जाऊ द्या, एवढं काही नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "गिऱ्हाईक असं विरघळत नसतं."

"काही काही विरघळतात," मी म्हटलं.

दुसऱ्या वेळी तर तिने नुसतं "माफ करा" म्हटलं आणि मी आभार मानून उठलो. शिट्टी खूश झाली. म्हणाली, "जमलं की!"

मॅडमना तिला घाबरवायचंय का? मुलाखतीच्या तोंडावर माणसाला धीर द्यायचा असतो. एवढी साधी गोष्ट या शिकलेल्या लोकांना कळत नाही. टोपीचं तर मी काल सकाळी पाऊण तास सालटं काढलंय. तो शुक्रवारी उभा राहिला तर नाव बदलीन.

शुक्रवार, ६ मार्च

टोपीला लागली.

शनिवार, ७ मार्च

काल पुढे लिहवलं नाही. भिंतीवर बुक्का मारला, तो आईने बघितला, ती म्हणाली भिंतीने तुझं काय घोडं मारलं. हात सुजलाय.

मला वाटलं होतं वशिला असणार. टोपीचा कुणी काका-मामा असणार तिथे. आज सकाळी शिट्टी आली तेव्हा मी तेच म्हटलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, मामा होता.

"वशिला?" ती म्हणाली. इतक्या हळू की मला नीट ऐकू आलं नाही. "ऐक काय झालं ते. तिथे तिघं बसले होते. मधला एकदम उठला आणि टेबलावर फाइल आपटून ओरडला, माझ्या मुलीला तुमच्या वर्गात दुखापत झाली, जबाबदार कोण? आणि मी उभी राहिले. हात पाठीमागे. म्हटलं, चुकलं सर. तो म्हणाला, अहो, मुलीचं काय? मी म्हटलं, चुकलं सर. तिसऱ्यांदाही तेच. मला दुसरं काही येतच नव्हतं तोंडात! टोपीने म्हणे त्याला आधी बसवलं, पाणी दिलं, मुलीचं विचारलं. बाहेर येऊन म्हणतो, रोज सकाळी याच्यापेक्षा वाईट ऐकून येतो, हे काहीच नव्हतं."

"टोपी मुद्दाम…"

"गप्प बस! टोपीला तू घडवलंस. रोज. फुकट! आणि मला काय केलंस? 'बरं बरं, जाऊ द्या.' असं गिऱ्हाईक जगात कुठे असतं सांग. मी तुला म्हटलं होतं, नीट करून घे. तू खरं म्हणालास."

"तुला त्रास होऊ नये म्हणून…"

"कुणी मागितली होती तुझी दया?"

आता तिचा आवाज चढला होता. आणि मी, लिहायला लाज वाटते, मी मान खाली घातली.

तेही तिने बघितलं. "बघ," म्हणाली. "तुलाही दुसरं काही येत नाही." आणि गेली.

दोन्ही गिऱ्हाइकं काही न घेता सटकली. मामा बराच वेळ चेंडूत हवा भरत होता. मग म्हणाला, "तुझ्या मनात आहे ते तिला माहीत आहे का रे?"

"काय आहे मनात?"

"तिला सोडून सगळ्या गल्लीला माहीत आहे ते."

मी त्याच्यावरही ओरडलो. सगळ्यांवर चिडलोय. टोपीवर, त्या फाइल आपटणाऱ्यावर, मॅडमवर. मॅडमना दिसत होतं तर त्यांनी मला हाकलून का दिलं नाही? सरांवर तर सगळ्यात जास्त, तिचे हात पाठीमागे बांधायला कुणी शिकवलं? आणि ते हात बघूनही मी विरघळलो. त्याचं खापर कुणावर फोडू?

मंगळवार, १० मार्च

टोपी आला होता सकाळी, शटर वर करायला हात लावत. मी म्हटलं, आता काय पाहिजे, लागली ना नोकरी. म्हणाला, "थँक्स म्हणायला आलो. आणि शिट्टीसाठी आणखी एक जागा आहे, मॅडम बोलल्यात. मोठ्या शहरातल्या इस्पितळाचा व्यायाम विभाग. पडलेली, ऑपरेशन झालेली माणसं येतात, वैतागलेली असतात, त्यांच्याशी बोलून त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचा. सोमवारी मुलाखत."

मोठं शहर म्हणजे रात्रभराचा प्रवास. सायकल काय कामाची.

"ती माझ्यासमोर बसणार नाही," मी म्हटलं.

"तिनेच पाठवलंय मला. म्हणाली, येणार असेल तर खरा ये म्हणावं."

जावं की नाही? गेलो आणि नीट केलं, तर ती जाणार. गेलो आणि पुन्हा विरघळलो, तर ती काकांच्या दुकानात. ते दुकान इथून दोन गल्ल्या सोडून आहे. खोकला तर कुणालाही होऊ शकतो.

हे काय लिहिलं मी? किती हलकट आहे मी.

शनिवार, १४ मार्च

तयारी झाली. आज लिहीत नाही.

गुरुवार, १९ मार्च

शिट्टीची निवड झाली. हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं लिहिताना डोकं ठिकाणावर राहील असं वाटत नाही. निकाल लागला की लगेच रुजू व्हायचंय. मॅडम सांगत होत्या, तिथला एक खरा पेशंटच आणून बसवला होता समोर, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, आणि तो म्हणे शिव्याच द्यायला लागला. शिट्टीने त्याला बोलू दिलं, मग चालवून दाखवलं. तिचे बाबा पेढे घेऊन विभागात आले होते. पंजाने त्यांच्याशी हस्तांदोलन केलं, ते अजून हात झटकतायत.

सगळे माझी पाठ थोपटतायत. मॅडम म्हणाल्या, "शनिवारी काय काम केलंस! उत्तम अभिनय." मी हो म्हटलं.

तर शनिवार.

तळघरात सगळे आले होते. टोपी, पंजा, मॅडम चटईवर. शिट्टी टेबलामागे. माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मॅडमनी सांगितलं, "तू पेशंट. बरेच दिवस येतोयस, फरक पडत नाही. सुरू कर."

मी ठरवून गेलो होतो. टोपीला जे जे बोललो ते तिला बोलायचं, डोळे मिटून. पंखा बंद, यंत्र बंद. पण तोंड उघडलं आणि वेगळंच बाहेर आलं.

"अडीच वर्षं!" मी म्हटलं. "अडीच वर्षं येतोय मी इथे. कुणी वर मान करून बघितलं?"

तिचे हात पाठीमागे निघाले. अर्ध्या वाटेत थांबले. मग तिने ते दोन्ही टेबलावर ठेवले, तळवे खाली.

"बसा."

"नाही बसणार!"

"बरं, उभ्याने सांगा. मी ऐकतेय."

"ऐकता? तुम्ही सगळ्यांचं ऐकता. सगळ्यांशी हसता. कुणी पिशवी उचलली तर त्याच्याशी हसता. आणि मी? मी काय वाईट केलं? तुमच्यासाठी मी त्या माणसांच्या दारात परत आलो, ज्यांचं तोंड बघणार नव्हतो. तुमच्यावर ओरडू शकलो नाही म्हणून तुम्ही मलाच दोषी ठरवलंत. एवढं येतो माणूस, रोज येतो, काहीतरी असेल म्हणून येतो ना? मग एकदा तरी सांगायचं होतं! हो म्हणायचं, नाही म्हणायचं, काहीतरी!"

मी टेबलावर हात आपटला, सुजलेलाच. मॅडम लिहायच्या थांबल्या होत्या. मी एवढा कधीच ओरडलो नव्हतो, बूटवाल्यावर नाही, टोपीवर नाही, सरांवरसुद्धा नाही.

शिट्टी लाल झाली होती. पण मान वर होती. ती माझ्याकडे बघत राहिली, माझा श्वास खाली बसेपर्यंत. मग बोलली. आवाज अगदी सरळ.

"तुम्ही इतके दिवस येताय हे मला कळलं नव्हतं. कळायला हवं होतं. त्याबद्दल मनापासून माफ करा." चुकलं नाही म्हणाली, माफ करा म्हणाली, आणि डोळ्यात बघून. "पण तुम्हाला जे हवंय ते माझ्याकडे नाही. थांबलात, आणखी येत राहिलात, तरी मिळणार नाही. तुम्हाला आशेवर ताटकळत ठेवणं मला बरं वाटत नाही, म्हणून आजच स्पष्ट सांगते."

मी काहीतरी म्हणायला गेलो.

"थांबा, माझं संपलेलं नाही. तुम्ही जे केलंत त्याची मला किंमत आहे. आज आलात, त्याची तर जास्तच." मग जरा थांबून, "आणखी काही तक्रार आहे तुमची?"

ती टेबलामागे होती, मी पेशंट होतो. भूमिका होती. त्यामुळे ते उत्तर खरं धरायचं काही कारण नाही, असं मी गेले चार-पाच दिवस स्वतःला सांगतोय. मामाला विचारलं, तो नुसता तार ताणत राहिला. आईला विचारलं, ती म्हणाली, जेवून घे आधी.

त्या क्षणी मात्र मला एवढंच कळत होतं की माझा राग कुठेतरी गेला होता. शोधला, सापडेना. आणि त्याच्याशिवाय या खोलीत मी काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. गिऱ्हाइकाने काहीतरी बोलणं भाग होतं.

"नाही," मी म्हटलं. "तक्रार नाही."

"सांभाळून जा," ती म्हणाली.

चटईवर कुणीतरी टाळी वाजवायला सुरुवात केली, टोपीच असणार. मी मागे वळून बघितलं नाही. बाहेर पडलो आणि दार आपटायला हात उचलला, तो तसाच खाली आणून हळूच लावून घेतलं.